एका नापास चित्रपटाचें परीक्षण

उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याच्या हातची तांबडी पेन्सिल सेवानिवृत्तीनंतरहि सुटत नाहीं. वर्तमानपत्र वाचतांना आम्ही ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर खुणा करतों; लग्नपत्रिकेंतील श्लोकांत विसर्ग राहिला असेल तर तो घालतों; आणि कीर्तनास गेलों तर बुवांच्या उत्तररंगास मनांतल्या मनांत गुण देऊन मोकळे होतों. घरांतील मंडळींस आमची ही खोड पूर्ण ठाऊक आहे. म्हणूनच गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा नातू आपल्या दोन मित्रांस घेऊन आमच्यापुढें आला व म्हणाला, "आजोबा, तुम्ही पस्तीस वर्षें पेपर तपासलेत. आज आम्ही तुम्हांला असा पेपर देतों कीं, तसा तुम्ही कधीं तपासला नसेल. जगांतल्या सर्वांत वाईट भयपटांत ज्याचें नांव घेतात, तो चित्रपट बघायचा आणि शंभरांपैकीं गुण द्यायचे."

आम्हांस चित्रपटांचा नाद नाहीं. परंतु परीक्षक म्हणून कोणीं बोलावलें असतां नाहीं म्हणण्याचें बळहि आमच्या अंगीं नाहीं. मुलांनीं दिवे मालवले, सूनबाईंनीं चिवड्याचें ताट मध्यें आणून ठेवलें, आणि आम्ही वही-पेन्सिल सरसावून बसलों.

चित्रपटाचें नांव 'मानोस : द हँड्स ऑफ फेट'. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत, मेक्सिकोच्या सरहद्दीवर एल पासो म्हणून शहर आहे, तेथें तो १९६६ सालीं तयार झाला. 'मानोस' हा स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थच मुळीं 'हात' असा आहे. तेव्हां सबंध नांवाचा अर्थ 'हात : दैवाचे हात' एवढाच झाला! नांवांतच पुनरुक्तिदोष आढळल्यामुळें आमच्या पेन्सिलीची पहिली खूण तेथेंच पडली. नातवानें सांगितलें कीं, चित्रपटांत काम करणारी मंडळीसुद्धां त्यास थट्टेनें 'आंबे : फळांचे डबे' अशा अर्थाच्या नांवानें संबोधीत असत.

कथा थोडक्यांत अशी. मायकेल नांवाचा गृहस्थ बायको मार्गारेट, लहान मुलगी डेबी व एक कुत्रें यांस मोटारींत घेऊन सहलीस निघतो आणि वाट चुकतो. दिवस मावळतांना त्यांस एक एकाकी घर लागतें. दारांत टॉर्गो नांवाचा रखवालदार उभा असतो. त्याचे गुडघे विलक्षण फुगलेले, हात कांपत असलेले आणि बोलणें अडखळत. मालक नसतांना घराची राखण आपण करतों, असें तो सांगतो. हा मालक म्हणजे मानोस नामक दुष्ट देवतेचा उपासक. त्याच्या अनेक बायका पांढरीं वस्त्रें नेसून खांबांपाशीं निश्चल उभ्या आहेत. रात्रीं मालक जागा होतो. कुत्रें मरतें, बायकांत आपसांत झोंबाझोंबी होते, टॉर्गोचा हात जाळला जातो. मायकेल मालकाच्या तोंडावर पिस्तुलाच्या गोळ्या झाडतो, पण त्यांचा कांहींएक परिणाम होत नाहीं. शेवटीं दुसऱ्या दोन बायका वाट चुकून त्याच घरापाशीं येतात, तेव्हां दारांत आतां मायकेल उभा असतो. आणि मालक नसतांना घराची राखण आपण करतों, असें तो त्यांना सांगतो. मार्गारेट व ती लहानगी डेबी मालकाच्या बायकांत जाऊन मिळालेल्या असतात.

भरतमुनींनीं भयानक रसाचे जे विभाव सांगितले आहेत, त्यांत विकृत आवाज, भूतपिशाचांचें दर्शन, ओसाड घर, अरण्य इत्यादि गोष्टी येतात. आणि हातापायांचा कंप, स्वरांतील पालट हे त्याचे अनुभाव. या दृष्टीनें पाहिलें तर दिग्दर्शकानें सामान सगळें आणून ठेवलें होतें. स्वयंपाक मात्र साधला नाहीं. प्रारंभींच मोटार चालत आहे, चालत आहे, आणि चालतच आहे. या दृश्यावर नामावली घालावयाची होती, ती घालावयाची राहिली, म्हणून कित्येक मिनिटें प्रेक्षकांनीं नुसता रस्ता पाहावयाचा! पात्रांचे ओंठ एक बोलतात आणि आवाज दुसरेंच सांगतो. लहान मुलीच्या तोंडून मोठ्या बाईचा बारीक केलेला आवाज निघतो. एका ठिकाणीं दृश्यारंभाची खूण म्हणून वाजवतात ती पाटी स्पष्ट दिसून जाते. रात्रीच्या दृश्यांत दिव्यांवर आलेले पतंग पात्रांच्या तोंडापुढें भिरभिरतात. पिस्तुलाचा आवाज ऐकून दोन शिपाई गाडींतून उतरतात, चार पावलें टाकतात, अंधाराकडे पाहतात आणि परत गाडींत जाऊन बसतात. कारण दिव्यांचा उजेड त्याच्यापुढें पोंचतच नव्हता.

शिपाई परत फिरले तेव्हां मुलें हंसून लोळूं लागलीं. आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि हंसलों. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हंसलों. रसाचा परिपोष न होतां त्याचा नुसता आभास झाला म्हणजे त्यांतून हास्य उत्पन्न होतें, असें अभिनवगुप्तांनीं म्हटलें आहे, तें आम्हीं मुलांस मोठ्या ऐटींत समजावून सांगितलें. रसास विघ्नें कोणतीं येतात तेंहि सांगितलें. पहिलें विघ्न संभावनाविरह, म्हणजे जें दाखवलें तें घडूं शकेल असें प्रेक्षकास न वाटणें. मुलें प्रसन्न झालीं. आम्हीं कथावस्तूस एक, अभिनयास दोन, वेषभूषेस एक आणि इतर सर्व अंगांस शून्य, असे शंभरांत चार गुण दिले, आणि खालीं शेरा लिहिला : 'लेखकानें पुन्हां लेखणी हातीं धरूं नये.' नातवानें तो मोठ्यानें वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. परीक्षक म्हणून इतका मान आम्हांस शाळेंतहि क्वचितच मिळाला होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं नातवानें त्या चित्रपटाच्या जन्माची हकीकत सांगितली. ती ऐकतांना चहा निवून गेला.

चित्रपटाचा कर्ता हॅरल्ड वॉरन हा व्यवसायानें खतें व विमा विकणारा. गांवच्या हौशी रंगभूमीवर कामें करीत असे. स्टर्लिंग सिलिफंट नांवाचे एक पटकथाकार कामानिमित्त त्या बाजूस आले असतां, भयपट काढणें कांहीं कठीण नाहीं, मी एकटासुद्धां काढून दाखवीन, अशी पैज वॉरननें त्यांच्याशीं मारली. हे सिलिफंट पुढें १९६८ सालीं ऑस्कर पारितोषिकाचे मानकरी झाले. म्हणजे पैज लागली ती एका उस्तादाशीं! वॉरननें सुमारें १९,००० डॉलर जमवले. लेखन, दिग्दर्शन, निर्मिति आणि नायकाची भूमिका, सर्व त्याचेंच. कॅमेरा १६ मिलिमीटरचा, किल्ली देऊन चालणारा. एकदां किल्ली दिली कीं फार तर ३२ सेकंद चाले. त्याबरोबर आवाज मुद्रित होत नसे. म्हणून मागाहून मोजक्या माणसांनीं बसून सर्व पात्रांचे संवाद भरले. पात्रें गांवचींच. दिवसां आपापल्या नोकऱ्या करून तीं रात्रीं कामास येत. टॉम नेमन या गृहस्थानें मालकाचें काम केलें. चित्रपटांतले हातांचे पुतळे व भिंतीवरचें चित्र हींहि त्यानेंच केलीं. त्याच्या पत्नीनें कपडे शिवले, मुलगी डेबी झाली आणि घरचा कुत्रा मालकाचा कुत्रा झाला. मेहनताना म्हणून त्या मुलीस एक सायकल मिळाली आणि कुत्र्यास खाद्याचें पोतें. बाकींच्यांस पैसा मिळाला नाहीं.

१९६६ च्या नोव्हेंबरच्या १५ तारखेस एल पासोच्या कॅप्री चित्रगृहांत पहिला खेळ झाला. दारांत प्रकाशझोत लावला होता. भाड्यानें आणलेली एकच मोठी मोटार कांहीं नटांस दारांत उतरवी, आणि वळसा घेऊन पुढच्या नटांस घेऊन येई. गांवांतले लोक आपापले उत्तम कपडे करून आले होते. खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळांत लोक हंसूं लागले. मंडळींस तोंड लपवून बाहेर पडावें लागलें. ती सहासात वर्षांची मुलगी मात्र हंसण्यामुळें रडली नाहीं. पडद्यावर आपण बोलत आहों आणि आवाज आपला नाहीं, हें पाहून ती रडूं लागली. टॉर्गोचें काम करणारा जॉन रेनल्ड्स हा २५ वर्षांचा तरुण त्या खेळास नव्हताच. त्यापूर्वीं एक महिना त्यानें आत्महत्या केली होती.

नातू हें सांगून गप्प राहिला. आम्हीहि गप्प राहिलों. वही समोरच होती. तींतला शेरा आदल्या रात्रीं जितका खुसखुशीत वाटला होता, तितका आतां वाटेना. पण आमचें मन ज्यामुळें खरोखर अस्वस्थ झालें, ती गोष्ट एल पासोची नव्हे. ती आमच्याच वर्गांतली आहे. ती आम्हीं आजपर्यंत कोणास सांगितलेली नाहीं.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गास आम्हीं 'एक भयाण रात्र' या विषयावर निबंध लिहून आणावयास सांगितला. चाळीस मुलांच्या निबंधांत पिंपळ होता, स्मशान होतें, अमावास्या होती आणि पांढऱ्या पातळांतली बाई होती. हें सर्व मार्गदर्शक पुस्तकांतून उतरलेलें आहे हें आम्हांस कळत होतें; तथापि भाषा शुद्ध, म्हणून दहांपैकीं सहा-सात गुण त्यांना मिळाले. एका मुलाचा निबंध मात्र दीड पानाचा, अक्षर किरटें, शुद्धलेखनाची दाणादाण. त्यांतलें भूत दर शनिवारीं रात्रीं येई. तें दार वाजवी, भांडीं फेंकी आणि आईजवळ पैसे मागे. घरांतलीं मुलें गोधडींत श्वास कोंडून पडून राहत. एवढेंच. पिंपळ नाहीं, अमावास्या नाहीं. आम्हीं त्यावर तांबड्या पेन्सिलीनें लिहिलें : 'भुतास शनिवार कसा कळतो? भुतास पैसे कशाला?' आणि एवढ्यानें समाधान न होऊन तो निबंध, व आमचे प्रश्न, आम्हीं वर्गांत मोठ्यानें वाचून दाखवले. वर्ग खदखदून हंसला. तो मुलगाहि मान खालीं घालून हंसला.

पुढें सहामाहीच्या निकालाच्या दिवशीं त्याची आई प्रगतिपुस्तकावर सही करण्यास आली. तिचा उजवा हात झोळींत बांधलेला होता. सही करतां येईना, म्हणून तिनें डाव्या हाताचा अंगठा उठवला. "पडलें," एवढेंच ती म्हणाली. तो सोमवार होता. आम्हांस एकदम त्या निबंधांतला शनिवार आठवला.

आम्हीं त्या मुलास बोलावून घेतलें आणि तो निबंध पुन्हां लिहून आण, म्हणून सांगितलें. "सर, मला सुचत नाहीं," असें तो म्हणाला. वार्षिक परीक्षेंत त्यानें निबंधाचा प्रश्न कोरा सोडला. दहावीनंतर त्यानें शाळा सोडली. ज्या एका निबंधावर आम्हीं संभावनाविरहाचा दोष ठेवला, तो वर्गांतला एकच खरा निबंध होता. आणि ज्यांत कांहींच खरें नव्हतें त्यांना आम्हीं सात-सात गुण वांटले होते.

त्या दिवशीं दुपारीं घरांत कोणी नसतांना आम्हीं तो चित्रपट पुन्हां लावावयास सांगितला आणि एकटेच बसून पाहिला. दया येऊन गुण वाढवावे, असा विचार नव्हता. दयेनें दिलेला गुण हा घेणाऱ्याचा अपमान होय, असें आमचें मत पूर्वींपासून आहे. पाहावयाचें होतें तें इतकेंच कीं, हंसण्याच्या भरांत आमच्या हातून वाचावयाचें कांहीं राहिलें काय.

राहिलें होतें. दोष तेवढेच दिसले, एकहि कमी झाला नाहीं. परंतु चित्रपटाचा शेवट आदल्या रात्रीं आम्हीं पाहिलाच नव्हता; शिपायांना हंसण्यांतच गुंग होतों. आपल्या बायकामुलांस वांचवूं पाहणारा मनुष्य अखेर त्याच दारांत रखवालदार होऊन उभा राहतो, आणि नव्या पांथस्थांस तेंच वाक्य सांगतो. त्याची अजाण मुलगी आंत त्या बायकांच्या ओळींत आहे. हें बीज खरोखर भयंकर आहे. वाईटाशीं झगडणारा हळूहळू त्याचाच चाकर होतो, याहून मोठें भय संसारी माणसास दुसरें कोणतें? वॉरनला तें दाखवतां आलें नाहीं. परंतु त्याला तें दिसलें होतें, यांत शंका नाहीं. तसाच टॉर्गो. सर्व पात्रांत लक्षांत राहतो तो एवढाच. पाय बोकडाचे दिसावेत म्हणून त्याच्या विजारींत कांहीं बांधलें होतें. चित्रपटांत त्याचा कोठेंच खुलासा नाहीं. पण धन्याचें भय आणि धन्याविषयींचा राग, दोन्हीं त्या कांपणाऱ्या हातांत उतरलीं आहेत. शास्त्रांतला अनुभाव तेथें हजर होता. आम्हीं त्याची नोंद घेतली नव्हती.

सायंकाळीं नातवापाशीं आम्हीं हा सर्व कबुलीजबाब दिला. तो शांतपणें ऐकून घेऊन म्हणाला, "आजोबा, पण एक सांगूं? लोक हंसले म्हणूनच तो चित्रपट वांचला." आणि त्यानें सांगितलेलें खरें आहे. कोपऱ्यांत पडलेला हा चित्रपट १९९३ च्या जानेवारींत 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या अमेरिकन दूरचित्रवाणी कार्यक्रमांत दाखवला गेला. त्या कार्यक्रमांत एक मनुष्य व दोन यंत्रमानव पडद्यापुढें बसून वाईट चित्रपटांची थट्टा करीत असत. तेव्हांपासून तो जगभर प्रसिद्ध झाला. पुढें २०११ सालीं बेन सोलोव्ही या तरुण छायाचित्रकाराच्या हातीं त्याची मूळ १६ मिलिमीटरची प्रत लागली. ती स्वच्छ करून जतन करण्यासाठीं त्यानें लोकांजवळ वर्गणी मागितली, आणि जितक्या डॉलरांत चित्रपट झाला होता, त्यांच्या दुपटीहून अधिक डॉलर जमले! दुरुस्त प्रत २०१५ सालीं बाहेर आली. रडणारी ती मुलगीहि मोठी होऊन त्या दिवसांवर पुस्तक लिहिती झाली. वॉरन स्वतः १९८५ सालीं वारला. पण संवाद नव्यानें भरले तर याचें बऱ्यापैकीं प्रहसन होईल, असें त्यानेंच म्हटलें होतें, असें सांगतात.

नातवाच्या या उत्तरानें आम्हांस विचार करावयास लावलें. हंसणें हें पाप नव्हे. वॉरननें पैज मारली, तिकिटें लावलीं, प्रकाशझोत पाडला. लोकांपुढें जो इतक्या धिटाईनें येतो, त्याला लोकांचें हंसूं सोसलें पाहिजे, आणि त्यानें तें मर्दासारखें सोसलें. ज्यांनीं त्या चित्रपटाची थट्टा केली, त्यांनीं तो निदान शेवटपर्यंत पाहिला. पण आमच्या वर्गांतल्या मुलानें तिकीट लावलें नव्हतें. त्याचें दीड पान त्यानें आमच्या एकट्याच्या हातांत दिलें होतें, आम्ही मागितलें म्हणून. तें चाळीस जणांस वाचून दाखवण्याचा अधिकार आम्हांस कोणींहि दिला नव्हता. परीक्षकाचा अधिकार गुण देण्यापुरता असतो. प्रेक्षक गोळा करण्याचा नसतो, ही गोष्ट पस्तीस वर्षें नोकरी करून आम्हांस एका नापास चित्रपटानें शिकवावी, हें नवल खरें.

वाचकहो, तुमच्यांतील पुष्कळ जण शिक्षक असतील. आणि जे नसतील ते आईबाप, आजीआजोबा तरी असतीलच. घरांतलें मूल वेडेंवांकडें चित्र काढून आणतें, बेसुरें गाणें म्हणतें, यमक न जुळलेली कविता दाखवतें. त्या वेळीं आपण सर्वच परीक्षकाच्या खुर्चींत बसलेले असतों. तेथें खोटी स्तुति करूं नये, असें आम्ही अजूनहि म्हणतों. पाहुण्यांपुढें तें चित्र काढून हंसण्यापूर्वीं मात्र, तें आपण शेवटपर्यंत पाहिलें आहे काय, हें ज्यानें त्यानें आपणांस विचारावें.

रात्रीं नातवाच्या मित्रांस पुन्हां बोलावलें आणि वही उघडून निकाल दुरुस्त करतों म्हणून सांगितलें. कथावस्तूस शेवटासाठीं पांच व टॉर्गोच्या अभिनयास तीन गुण वाढवून बेरीज बारा झाली. "म्हणजे नापासच कीं आजोबा!" मुलें म्हणालीं. नापासच. त्यांत वाद नाहीं. पण जुना शेरा आम्हीं खोडून काढला, आणि तीस वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका कागदावर जो लिहावयास हवा होता, तो तेथें लिहिला : 'शेवट चांगला आहे. भीति खरी वाटते. पुन्हां लिहून आणून मला एकट्याला दाखव.'